वहिनीच्या लग्नातली गाणी

वैशाख आला की मला त्रास सुरू होतो. उन्हाचा त्रास नव्हे. उकाड्याबद्दल कुरकुर करायला नारायण पेठेत माणसांची कमी नाही, तेवढ्यानं तो निम्मा होतो. त्रास होतो तो लग्नांचा. सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. संध्याकाळी गल्लीतून वरात जाते. आता वरात कसली म्हणा, टेम्पोवर रचलेले स्पीकर जातात आणि त्यांच्या मागून नवरामुलगा गुन्हा केल्यासारखा चालतो. खिडकीच्या काचा थरथरतात. त्या सगळ्या गोंगाटात फुंकून काही वाजवणारा एकही माणूस नसतो.

गेल्या आठवड्यात केतकीचा फोन आला. "काका, प्लेलिस्ट ऑलमोस्ट रेडी आहे. पण मी एंट्री घेणार ना, तेव्हा डीजे बंद. तेव्हा फक्त तुमचा सॅक्सोफोन. गाणी तुम्हीच सिलेक्ट करा. फक्त सॅड नको हं काही, प्लीज!"

केतकी माझ्या वहिनीची मुलगी. माझ्या भावाची नव्हे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की आता ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडायच्या आत पुढचं सांगून टाकतो: भाऊ गेला, वहिनीचं दुसरं लग्न आम्हीच लावून दिलं, केतकी त्या घरची. आणि त्या लग्नात सॅक्सोफोन मी वाजवला होता. लोक म्हणतात, वा, केवढं मोठं मन. मोठं मन वगैरे काही नव्हतं हो. आम्ही चौघं म्हातारी-तरणी माणसं एका वैशाखात अक्षरशः घुसमटत होतो, आणि मी तर ठार वेडा व्हायचा बाकी होतो. एका गाण्यापायी.

दादा दिवसा भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर असायचा आणि लग्नसराईत सॅक्सोफोन वाजवायचा. आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली त्याची, बाहेरची बाकी सगळ्यांची. मी बाहेरच्या खोलीत पंचांगाच्या भिंतीला पाठ लावून बसायचो आणि पलीकडे तो सराव करायचा. शिकवलं त्यानं मला थोडंफार. पण खरं मी शिकलो ते त्या भिंतीतून. त्याची एक खोड होती. सगळे वाजवणारे ओळ संपली की श्वास घेतात. हा पठ्ठ्या ओळ संपवून थांबायचाच नाही. तसाच पुढच्या ओळीत शिरायचा, तिचा पहिला सूर लावायचा आणि मग त्याच्या पाठीमागे चोरून श्वास घ्यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ओळ संपली की लोक खोकतात, विन्या. खुर्च्या सरकवतात. त्यांना ती संधीच द्यायची नाही." छाती भात्यासारखी लागते त्याला. त्याची होती.

मांजरीच्या एका लग्नात तो वाजवायला गेला, उसाच्या फडाला लागून मांडव होता, आणि तिथे वाढपाला आलेल्या एका मुलीनं त्याच्या पानात तिसऱ्यांदा बुंदी वाढली. ती सुमनवहिनी. पुढची हकिकत दादा वेगळी सांगायचा आणि वहिनी वेगळी, पण बुंदीवर दोघांचं एकमत होतं. ती घरात आली आणि आमच्या घराला आवाज आला. आई तिच्यावर ओरडायची, ती हसायची, आई आणखी ओरडायची, मग दोघी मिळून लोणचं घालायच्या.

चार वर्षांत दादा काविळीनं गेला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

आईनं सॅक्सोफोनची पेटी कपाटावर टाकली आणि वरून जुनी चादर घातली. "त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही," एवढंच म्हणाली. मी लावला नाही. पण त्या घरात शांततासुद्धा त्याचीच होती. आतल्या खोलीतून कधीही आवाज येईल असं वाटत राहायचं आणि यायचा नाही. वहिनी आतच झोपायची. दिवसभर कामाला जुंपून घ्यायची. सणावाराला आई तिला मुद्दाम रंगीत पातळ नेसायला लावायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. एका दुपारी आंबे आढीत लावता लावता आई अण्णांना म्हणाली, "या पोरीला मी माझ्या दुःखाची राखण करायला ठेवणार नाही. तिचं लग्न करायचं. कन्यादान आपण करायचं." अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पुन्हा उचललं. "बरं," म्हणाले. आमच्या घरात क्रांती अशी झाली.

विश्रांतवाडीचे एक शाळामास्तर सापडले, शांत माणूस, त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. वहिनीचे आईवडील मांजरीहून आले. वडील खाली मान घालून बसले. "आमची पोर तुमच्या घरची झाली. तुम्ही जे कराल त्यात आमचं भलंच हाय," म्हणाले. तिची आई पदर तोंडाला लावून रडली आणि मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "पण वाजवून-गाजवून करा बरं का. मुकं लगीन नगं माझ्या लेकीचं. चोरी न्हाय करत आपण."

इथेच घोडं पेंड खायला लागलं. वहिनी तोवर प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती: तारीख, कार्यालय, शालू. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं स्वतःहून तोंड उघडलं. चहाचे कप उचलता उचलता मला म्हणाली, "भावजी, मी बोहल्याकडे येईन तेव्हा ती पेटी उघडा. तुम्ही वाजवा. कुठलंही गाणं वाजवा. पण ते वाजल्याशिवाय मी बोहल्यावर पाऊल ठेवणार नाही. नाहीतर मला जन्मभर वाटेल, मी त्यांना झोपलेलं बघून निघून आले."

आई आत होती. तिनं ऐकलं.  रात्री ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "तिची इच्छा आहे, तर वाजव. पण त्याचं एकही गाणं नको, विनू. त्यानं वाजवलेलं एक जरी कानावर पडलं ना, तर मी हातातला तांब्या खाली ठेवीन आणि घरी निघून येईन. मग कन्यादान कोण करतं ते करा." आई धमक्या देत नसे. जे होणार ते आधी सांगून ठेवत असे.

म्हणजे बघा माझी अवस्था. वाजवलं नाही तर वहिनी निघणार नाही. दादाचं काही वाजलं तर आई थांबणार नाही. लग्न माझ्या दोन ओठांत धरलेलं. आणि मला असं एक गाणं हवं होतं ज्यात माझा भाऊ नाही.

शोधून पाहा तुम्ही. तुमच्या घरातलं गेलेलं माणूस ज्यात नाही असं एक गाणं शोधून दाखवा! रेडिओवर सकाळी भक्तिगीतं लागायची. ती तो दाढी करताना गुणगुणायचा. नाट्यपदं अण्णांनी त्याला मांडीवर घेऊन म्हटलेली. जुनी सिनेमाची गाणी म्हणजे तर त्याचं अंगणच. बरं, त्यानं न वाजवलेलं एखादं सापडलं, चालही गोड निघाली, की शब्द आडवे यायचे. सॅक्सोफोनला शब्द नसतात हे खरं, पण मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या ओठांवर ते असतात. सूर निघाला की मागून शब्द आपोआप चालत येतात. आणि आपल्या गाण्यांतली माणसं तरी काय, हो! जो तो कुणाला तरी सोडून निघालेला. कुणी नावेतून चाललंय, कुणी वाट बघून दिवा विझवतंय, कुणी पुढच्या जन्माचा वायदा करतंय. मी कचेरीत फायली पुढे ओढून मनातल्या मनात गाणी तपासत बसायचो. साहेब म्हणाले, "जोशी, ओठ कसले हलवताय? जप सुरू केलात का?" मी हो म्हणालो. बसमध्ये, अंघोळ करताना, जेवताना, एक गाणं सुरू करायचं आणि तिसऱ्या ओळीला दादा भेटायचा. मला त्याचा राग यायला लागला. खोटं कशाला सांगू, मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. अरे, एक तरी सोडायचं होतंस माझ्यासाठी.

घरी सराव करणं शक्यच नव्हतं. मी आई देवळात गेल्यावर पेटी काढली. आतल्या मखमलीला अजून त्याच्या हाताचा, तंबाखूचा आणि पितळेचा मिळून वास होता. बाहेर पडून नदीकाठी गेलो, पाणी आटून दगड उघडे पडले होते तिथे, आणि फुंकलं. कित्येक दिवसांत न फुंकलेलं वाद्य जसं ओरडेल तसं ते ओरडलं. घाटावरून एक गृहस्थ धोतर सावरत चालले होते. थांबले, ऐकलं, आणि अतिशय आदरानं विचारलं, "अहो, म्हैस हरवलीय का आपली?"

शेवटी हमीदभाईंकडे गेलो. त्यांचं बँडचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं घर; दादा लग्नसराईत त्यांच्याच ताफ्यात वाजवायचा. दुकानावरच्या माडीवर त्यांनी मला जागा दिली. ढोलांची चामडी, लाल कोट, झालरी, आणि त्यात मी. त्यांना सगळी अडचण सांगितली. ते पान लावत म्हणाले, "तेज लयीचं घे. माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तेज लयीत कुणाला रडायला फुरसत मिळत नाही." मला ते पटलं. बुडत्याला काहीही पटतं. एक अगदी नवं गाणं निघालं होतं, कॉलेजच्या पोरापोरींनी मोटारसायकलवरून म्हणायचं. दादा गेल्यानंतरचं, म्हणजे त्याच्या ओठांना लागणं शक्यच नाही. शब्द तर असे की त्यात कुणी कुणाला सोडून जात नव्हतं, कारण मुळात कुणी कुठे पोचतच नव्हतं. मला हायसं वाटलं. मी ते घोटलं. ओठ आतून सोलले, जेवणातलं तिखट झोंबायला लागलं, तरी घोटलं. हमीदभाई एकदा वर आले, बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "सूर ठीक आहे. पण बेटा, सांस कुठं घेतोस तू? जागा चुकते तुझी."

"सवय आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला गेले आणि पान तोंडात टाकून खाली उतरले.

लग्नाची सकाळ. सदाशिव पेठेतलं छोटं कार्यालय, मोजकी माणसं, पंखे फिरत होते पण वारा आपल्या घरी गेलेला. मोगरा, तूप, ओल्या अक्षता. बोहल्याशी आई हिरवं काठाचं पातळ नेसून उभी होती, हातात पाण्यानं भरलेला तांब्या, शेजारी अण्णा. मास्तर अंतरपाटामागे. वहिनीचे मामा तिला खोलीतून घेऊन निघाले. मी वाद्य ओठांना लावलं. 

सुरू केलं. उडती चाल. मांजरीच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कुणाचं तरी पोर मांडीवर नाचायला लागलं. मनात म्हटलं, जमलं! पहिली ओळ संपली, मी दुसरीत शिरलो, आणि तिकडे वहिनी थबकली. मामांनी हात ओढला तरी हलेना. मी तिच्याकडे बघतोय तोवर बोहल्याशी पितळ वाजलं. आईनं तांब्या खाली ठेवला होता.

संपलं, असं मला वाटलं. आई चालायला लागली. दाराकडे नव्हे, माझ्याकडे. माणसं बाजूला झाली. भटजी म्हणाले, "अहो आजी, मुहूर्त!" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी वाजवायचा थांबलो होतो.

"श्वास तिथंच घेतोस," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग कळलं.  गाणी मी शोधशोध शोधली होती, शब्द गाळले होते, त्यानं कधी ऐकलंसुद्धा नसेल असं काहीतरी हुडकून आणलं होतं. आणि तो त्या गाण्यांत नव्हताच. तो माझ्या छातीत होता. ओळ ओलांडून पुढच्या सुरामागे तो श्वास घेत होता आणि सगळ्या कार्यालयात ते फक्त दोन बायकांना ऐकू आलं होतं.

"आई, मी मुद्दाम नाही गं…"

"आलाच आहे ना तो," आई म्हणाली. तिचे डोळे कोरडे ठाक होते. "मग हे भलतंच काय वाजवतोयस? त्याचं गाणं वाजव."

दादाचं म्हणून एक गाणं होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही गुणगुणायला लागाल आणि ते मला सोसणार नाही. मी ते आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. त्या दिवशी वाजवलं. बोटांना सगळं ठाऊक होतं. वहिनी मुखडा संपेपर्यंत जागची हलली नाही, आणि मग एकेक पाऊल टाकत निघाली. भटजी पुन्हा मुहूर्ताचं बोलले तेव्हा आई तांब्या उचलत म्हणाली, "थांबेल मुहूर्त. माझा मुलगा वाजवतोय." कोणता मुलगा ते तिनं सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

कन्यादानाचं पाणी निम्मं पाटावर सांडलं. पण झालं कन्यादान.

संध्याकाळी घरी आलो तर आतली खोली रिकामी. आढीतल्या आंब्यांचा वास घरभर. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. मी तिच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, "आज तो दुसऱ्यांदा गेला, विनू." मी तिचे पाय चेपत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर पेटी कपाटावर गेली नाही. आई असेपर्यंत रविवारी दुपारी म्हणायची, "वाजव रे जरा," आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. माझ्याकडे बघत ऐकणं तिला चालायचं नाही. मला कधीकधी संताप यायचा. वाटायचं, मी माणूस आहे की नुसती नळी? त्याचं वारं माझ्यातून जाणार आणि माझ्या वाट्याला नुसते सोललेले ओठ. पण वाजवायचो. विश्रांतवाडीहून वहिनी यायची, मास्तर यायचे, पुढे छोटी केतकी यायची. वहिनी डोळे मिटून बसायची. मास्तर फार शहाणा माणूस. ते तेवढा वेळ केतकीला घेऊन खाली पेरू आणायला जायचे.

आई गेली. अण्णा गेले. हमीदभाई गेले. दादाच्या खोडीचे साक्षीदार उरलो आम्ही दोघं, वहिनी आणि मी. आणि आता माझी छाती.

दुसऱ्या मजल्यावर चढताना मी मध्ये थांबतो. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं ठीक आहे. वयाच्या मानानं! त्या दिवशी केतकीचा फोन ठेवला, उत्साहानं पेटी उघडली, वाद्याच्या तोंडाशी वेताची नवीन पट्टी लावली आणि दादाचं गाणं घेतलं. ओळ संपायच्या आतच दम संपला. पुन्हा घेतलं. ओळ कशीबशी संपली, पण ओलांडता आली नाही. शेवटच्या सुराला हात टेकून उभं राहावं लागलं. शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं, तरी मला खुर्च्या सरकल्यासारख्या वाटल्या.

तेव्हापासून मी पुन्हा गाणी शोधतोय. तोच वैशाख, तोच मी, तीच तडफड, फक्त उलटी. तेव्हा तो ज्यात नाही असं गाणं हवं होतं. आता ज्याच्या ओळी इतक्या आखूड आहेत की ती ओलांडून मी त्याच्यापर्यंत पोचेन, असं हवंय. पाळण्यातली गाणी घेऊन पाहिली. शाळेतल्या कविता घेऊन पाहिल्या. भोंडल्याची गाणीसुद्धा. दुपारभर दारं लावून फुंकतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पंख्याखाली पडून राहतो, उठतो, परत फुंकतो. देवा, एकदा. त्या पोरीच्या लग्नात एकदाच. तो श्वास जिथे पडायचा ती जागा जगात आणखी कुठेही राहिलेली नाही. फोटो आहेत, घड्याळ आहे, बुंदीची गोष्ट आहे. पण त्याचं चालतंबोलतं असं तेवढंच होतं, आणि ते माझ्या स्वाधीन होतं.

काल एक सापडल्यासारखं वाटलं. छोटं, गोड गाणं, चिमण्यांसारख्या ओळी. दोन वेळा तर ओलांडलं असं मला वाटलं. मी तसाच विश्रांतवाडीला फोन लावला.

"वहिनी, ऐका जरा. केतकीसाठी निवडलंय."

फोन टेबलावर ठेवला आणि वाजवलं. जीव लावून वाजवलं. संपल्यावर फोन कानाला लावला तर पलीकडे नुसती शांतता. वहिनीला ऐकल्यावर बोलायला नेहमीच वेळ लागतो, म्हणून मी थांबलो.

"छान आहे हो, भावजी," ती म्हणाली. आवाज मऊ होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "खरंच छान आहे. इतकी वर्षं मनात होतं, तुम्ही कधी तुमचं म्हणून काही वाजवाल का. हे अगदी तुमचं आहे. तुमचं एकट्याचं."

तिनं ते मायेनंच म्हटलं. मी बरं म्हणालो, मास्तरांची चौकशी केली, जेवणाच्या यादीबद्दल दोन शब्द बोललो आणि फोन ठेवला. पट्टी काढून पुसली, पुन्हा बसवली. आणि याहून आखूड ओळींचं एखादं गाणं आठवतंय का ते बघायला लागलो.